उसात बिबट्या, खांबावर कॅमेरा

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. पाच वर्षांची एक मुलगी, एक वयोवृद्ध आजी आणि तेरा वर्षांचा एक मुलगा. लोकांचा संयम सुटला. वनखात्याची गाडी पेटवली गेली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला आणि अखेर नेमबाज बोलावून एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्याच दिवसांत या भागातली माणसे गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे अडकवून शेतात जाऊ लागली. बिबट्या नरडे धरतो, म्हणून. खुरपायला बसलेल्या बाईच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असावा लागतो, यापेक्षा त्या शिवाराची अवस्था वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर जे उपाय जाहीर झाले त्यांत पिंजरे होते, बिबट्यांची नसबंदी होती, आणि मोठी आशा ठेवली गेली ती यंत्रांवर. बिबट्या ओळखणारे कॅमेरे, तो दिसताच वाजणारे भोंगे, अंगाच्या उष्णतेवरून जनावर टिपणारे ड्रोन. ज्या घरातले लेकरू गेले त्या घराने यातले प्रत्येक यंत्र उद्याच्या उद्या मागावे, हे रास्तच आहे. शहरात दार लावून निजणाऱ्या कोणीही त्यांना ‘कॅमेऱ्याने काय होणार?’ असे सुनावू नये. पण सरकारचा पैसा आणि गावाचा विश्वास या दोन्ही गोष्टी वारंवार मिळत नाहीत. म्हणून शिवारावर पहारा बसवताना त्या पहाऱ्याला काय दिसू शकते, आणि दिसल्यावर पुढे कोणी काय करायचे, हे आधी नीट पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट यंत्रांच्या बाजूची आहे, आणि ती मोठी आहे. शेतात राहणाऱ्या बिबट्याबद्दल आपल्याला आज जे काही खात्रीने माहीत आहे ते बव्हंशी यंत्रांनीच सांगितले. जंगल तुटले, भक्ष्य संपले, म्हणून बिबट्या वाट चुकून गावात येतो, असे आपण वर्षानुवर्षे म्हणत होतो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, ऊस आणि भाजीपाल्याच्या शेतांमध्ये, कॅमेरे लावले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात असा तो मुलूख. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले आणि जवळपास तेवढेच तरस. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे एकच जनावर दोनदा मोजले जात नाही. विष्ठेच्या तपासणीत असे दिसले की त्याच्या खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा आहे, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. म्हणजे हा वाट चुकलेला पाहुणा नव्हता. तो तिथलाच रहिवासी होता, तिथेच जन्मलेला.

गळपट्ट्यांनी याच्या पुढची गोष्ट सांगितली. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला बाहेर काढून, उपग्रहाशी जोडलेला पट्टा घालून माळशेज घाटात सोडले. तो तिथे थांबला नाही. महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडत, सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. हाच तो ‘आजोबा’. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही निघाला. या सबंध प्रवासात त्याने एकाही माणसाला इजा केली नाही, आणि २०११ मध्ये तो मेला तो रस्त्यावर वाहनाच्या धडकेने. शिवारातच वावरणाऱ्या इतर पट्टेवाल्या बिबट्यांची हद्द अवघी ८ ते १५ चौरस किलोमीटर भरली. दिवसा ते उसात किंवा झुडपात दडून असत, आणि रात्री घरांच्या अगदी जवळून फिरत. दार बंद झाले की यायचे, दार उघडायच्या आत जायचे.

ही माहिती नसताना आपण काय केले, याचीही नोंद आहे. फेब्रुवारी २००१ पासून जुन्नर विभागात बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडण्याचा धडाका लावण्यात आला. त्याआधी तिथे वर्षाला सरासरी ४ हल्ले माणसांवर होत. पुढच्या काळात ही सरासरी १७ वर गेली, आणि हल्ल्यांत माणूस दगावण्याचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले बिथरलेले जनावर आणि रिकाम्या झालेल्या हद्दीत शिरणारी नवी, तरणी जनावरे, दोन्ही माणसाला महागात पडली. पकडलेल्या बिबट्यांच्या कातडीखाली बसवलेल्या तांदळाएवढ्या चिपांमुळे कोणता बिबट्या कुठून कुठे गेला हे पुढे कळू लागले. हे शहाणपण आपल्याला यंत्राने दिले आहे, आणि ज्यांना कॅमेऱ्यांत पैशांची उधळपट्टी दिसते त्यांनी ही गोष्ट विसरू नये.

यंत्राचा सर्वांत हळुवार उपयोग ऊसतोडीच्या दिवसांत दिसतो. फडात कोयता चालू असताना पाचटात बिबट्याची पिल्ले सापडतात, मांजराच्या पिल्लांएवढी, डोळे नुकते उघडलेली. तोड थांबते. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले, म्हणजे वनखाते आणि वाइल्डलाइफ एसओएसचे लोक येतात, पिल्लांची तपासणी करतात, आणि अंधार पडायच्या सुमाराला ती पिल्ले टोमॅटोच्या कॅरेटसारख्या उघड्या खोक्यात घालून जिथे सापडली तिथेच ठेवतात. जवळ एक कॅमेरा लावून माणसे लांब जाऊन बसतात. मध्यरात्री केव्हातरी मादी येते. खोक्याभोवती एक फेरी मारते, थांबते, कान टवकारते, पुन्हा जवळ येते आणि एकेका पिल्लाला मानेच्या कातडीला धरून उचलून नेते. सकाळी खोके रिकामे असते आणि कॅमेऱ्यात सगळे असते. पिल्ले हिरावली गेलेली मादी फडाभोवती किती चवताळून फिरते हे तोडकऱ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ही चित्रफीत त्यांच्या लेखी करमणूक नाही. उद्या त्या फडात उतरता येईल की नाही, हे त्यावर ठरते. वाघाटी या छोट्या रानमांजराची पिल्लेही अशीच आईकडे परत गेली आहेत.

आता दुसरी बाजू.

आज ज्या यंत्रणेचा आग्रह धरला जातो तिचे उदाहरण म्हणून ताडोबाकडे बोट दाखवले जाते. तिथे मोहर्ली परिसरातल्या सीतारामपेठ गावाभोवती कॅमेऱ्यांची साखळी उभारली गेली. वाघ, बिबट्या किंवा अस्वल त्या रेषेजवळ आले की संगणक ते ओळखतो आणि गावाला इशारा जातो. हे तिथे शोभते, कारण तिथे रेषा आहे. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला गाव, आणि मधल्या पट्ट्यातून जनावर येणार.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत ती रेषाच नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी पाणी आणले, पाण्याने ऊस आणला, आणि ऊस घराच्या मागच्या भिंतीला येऊन भिडला. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. वस्त्या विखुरलेल्या, एकेक घर आपापल्या मळ्यात. बिबट्या बाहेरून येतच नाही, तो दोन घरांच्या मधल्या फडातच असतो. मग कॅमेऱ्याची भिंत घालायची कोणत्या बाजूला? खांब किती, कुठे आणि कोणाच्या दारात? ताडोबात चाललेली यंत्रणा उचलून जशीच्या तशी शिरूरला लावली तर ती बिबट्याच्या वावराचा फार थोडा भाग पाहील, आणि लोक मात्र समजतील की सगळे पाहिले जात आहे. हा चुकीचा दिलासा मला उघड्या भीतीपेक्षा जास्त घातक वाटतो, कारण भ्यालेला माणूस निदान काठी आणि बॅटरी घेऊन दोघातिघांच्या सोबतीने बाहेर पडतो.

ड्रोनचेही तसेच. अंगाची ऊब टिपणारा कॅमेरा उघड्या माळावर, कापलेल्या रानात किंवा पहाटेच्या गारव्यात उत्तम काम करतो. पण ऊस हे छप्पर आहे. दहा-बारा फूट उंचीच्या, पाती एकमेकांत गुंतलेल्या फडाच्या पोटात बसलेल्या जनावराची ऊब पानांतून वर येत नाही, आणि दुपारी जमीनच इतकी तापते की ऊब आणि ऊब यांत फरक राहत नाही. पकडमोहिमेत ड्रोन उपयोगी पडतो. रोजचा पहारेकरी म्हणून तो चालणार नाही, हे त्याची खरेदी करण्याआधी समजून घ्यावे.

यापेक्षा अवघड प्रश्न यंत्र नीट चालले तर उभा राहतो. समजा कॅमेरा चोख आहे, कुत्रा आणि कालवड सोडून नेमका बिबट्याच ओळखतो. ज्या बिबट्याची हद्द ८-१५ चौरस किलोमीटर आहे तो त्या खांबाखालून आठवड्यातून अनेकदा जाणारच. प्रत्येक वेळी भोंगा वाजणार. पहिल्या आठवड्यात गाव जागे होईल, दुसऱ्यात दारे लागतील, महिन्याने कोणी उठणार नाही. आवाजाला आणि दिव्याला जनावरेही सरावतात. आणि दुसरी शक्यता अशी की गाव सरावणार नाही, उलट पेटेल. वर्षानुवर्षे गुपचूप जाणारा, कोणाला धक्का न लावणारा बिबट्या आता रोज मोबाइलच्या पडद्यावर दिसू लागेल. चित्र गावाच्या ग्रुपवर, तिथून तालुक्याच्या, तिथून वाहिनीवर. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली बिबट्यांची खोटी चित्रे पुणे परिसरात फिरल्याचा अनुभव ताजा आहे. चित्र दिसले की मागणी एकच येते: पिंजरा लावा. पिंजऱ्यात जो सापडतो तो बहुधा तिथला रुळलेला, माणसाला ओळखून असलेला बिबट्या. त्याची जागा कोण घेतो, हे २००१ नंतरच्या आकड्यांनी दाखवले आहे. म्हणजे पुढची कृती ठरवल्याशिवाय लावलेला कॅमेरा आपल्याला नेमके त्याच चुकीकडे नेऊ शकतो जी चूक यंत्रांनीच उघडी पाडली होती.

मात्र याच नाण्याला दुसरी बाजू आहे. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या अशा जनावराला पकडण्याचा किंवा मारण्याचा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षकालाच देता येतो. हल्ला झाल्यावर रागाच्या भरात शिवारातले मिळतील तितके बिबटे पिंजऱ्यात घातले जातात, आणि त्यांत दोषी कोणता हे कोणाला सांगता येत नाही. शिवारातल्या प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची नोंद आधीपासून असेल, तर हल्ल्याच्या जागी त्या रात्री कोण होता हे सांगता येईल. दोषी जनावर लवकर हाती लागेल आणि बाकीचे आपल्या जागी राहतील. ज्या आईबापांचे मूल गेले त्यांना ‘तोच होता का?’ या प्रश्नाचे उत्तर मिळण्याचा अधिकार आहे. माझ्या मते शिवारातल्या कॅमेऱ्याचे हे पहिले काम असावे, भोंगा वाजवणे हे दुसरे.

इशाऱ्याची यंत्रणा कशी असावी याचे आपल्या देशातले चांगले उदाहरण तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांत आहे. तिथेही जंगल आणि वस्ती यांच्यात रेघ नाही. मळ्यांमधून हत्तींचे कळप फिरतात. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी मृत्यूंची कारणे पाहिली, तेव्हा लक्षात आले की बहुतेक माणसे हत्ती तिथे आहे हे माहीत नसल्यामुळे मेली. संध्याकाळी बसमधून उतरून घराकडे चालताना अंधारात समोर हत्ती. मग त्यांनी मोबाइलवर संदेश पाठवायला सुरुवात केली, स्थानिक केबल वाहिनीवर पट्टी फिरवली, आणि मोक्याच्या जागी लांबून दिसणारे लाल दिवे बसवले. दिवा लागला असेल तर या बाजूला हत्ती आहे. तो दिवा फोन करून लावता येतो, आणि तिथल्या लोकांनी तो स्वतः लावायला सुरुवात केली. हत्ती कुणी हाकलले नाहीत, पण मृत्यू घटले. बिबट्या हत्तीइतका ठळक दिसत नाही, त्यामुळे दिवे उचलून जुन्नरला आणता येणार नाहीत. घेण्यासारखी गोष्ट ती की माणूस मरतो कोणत्या वेळी, कोणत्या वाटेवर, काय करताना, हे आधी पाहिले गेले आणि यंत्र त्या वाटेवर नेऊन ठेवले गेले.

उत्तराखंडातल्या कॉर्बेटमधून याच्या उलट अनुभव पुढे आला. केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी तिथल्या लोकांशी बोलून २०२४ मध्ये जो अभ्यास मांडला, त्यात वन्यप्राण्यांसाठी लावलेले कॅमेरे आणि ड्रोन स्त्रियांवर नजर ठेवायला वापरले गेल्याचे दिसले. सरपणासाठी जंगलात जाणाऱ्या बायका, ज्यांना तिथेच मोकळेपणा मिळे, गाणे म्हणता येई, मन हलके करता येई, त्या गप्प झाल्या, वाट बदलून आडरानात जाऊ लागल्या. शौचाला बसलेल्या एका स्त्रीचे कॅमेऱ्यात टिपलेले चित्र गावातल्या फोनांवर फिरवले गेले. आपल्याकडे हे होणार नाही अशी हमी कोण देईल? उसाच्या कडेची वाट ही गवताचा भारा आणणारीची, पाण्याला जाणारीची आणि अजूनही कित्येक वस्त्यांवर पहाटे बाहेर जाणारीची वाट आहे. कॅमेऱ्याच्या एका रात्रीच्या चित्रांत बिबट्या एकदा असतो. बाकी कुत्री, मोटारसायकली, वाऱ्याने हललेली उसाची पाती आणि माणसे. ती माणसांची चित्रे कोण पाहते, किती दिवस ठेवते, कोण पुसते? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण शिवारातल्या खांबाला त्याचा अर्थ कळायचा तर ग्रामसभेने ठराव करून जागा ठरवाव्या लागतील आणि त्या ठरावाला बायकांची संमती लागेल. माणूस दिसलेले चित्र यंत्रातच पुसले जाईल, अशी व्यवस्था आजच्या तंत्रज्ञानात अवघड नाही. ती निविदेच्या अटींत असली पाहिजे.

आणखी एक गट आहे, जो या सगळ्या चर्चेत कोणाच्याच नजरेत येत नाही. बीड, अहिल्यानगर, जालना भागातून आलेले ऊसतोड कामगार आणि वाड्यासह फिरणारे मेंढपाळ. तोडकरी फडाच्या कडेला कोपी घालून राहतात, पाचटाची किंवा प्लास्टिकच्या कागदाची. दार नाही. बाई पहाटे तीनला उठून फडात जाते, लेकरू कोपीत किंवा बैलगाडीखाली निजलेले असते. बिबट्याच्या तोंडी जाण्याचा धोका या लेकरांना सर्वांत जास्त आहे. आणि ज्या ग्रुपवर इशारा येणार त्या गावच्या ग्रुपवर हे कुटुंब नाही, कारण ते गावचे नाहीत. यंत्रणेचा इशारा ग्रामपंचायतीपर्यंत पोचला आणि कोपीपर्यंत पोचला नाही, तर ज्याला घर आणि कडी आहे त्यालाच आपण आणखी सुरक्षित केले, असा त्याचा अर्थ होईल. तोडकऱ्यांच्या मुकादमाचा नंबर इशारा जाणाऱ्यांच्या यादीत सर्वांत वर हवा.

पण मला जो मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बिबट्याकडे पाहणाऱ्या यंत्राचा नाहीच. शेतकरी रात्री रानात का जातो? कारण थ्री फेज लाइट रात्री येते. आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, असे वेळापत्रक. रात्री मोटार चालू झाली की माणसाला दारे धरायला जावेच लागते. एका सरीत पाणी भरले की बारे फोडून दुसऱ्या सरीला लावायचे, म्हणजे अंधारात, चिखलात, वाकून, खोऱ्याने. वाकलेला आणि बसलेला माणूस बिबट्याला उभ्या माणसासारखा दिसत नाही. हल्ल्यांत लहान मुले आणि खाली बसलेली माणसे जास्त सापडतात ती यामुळेच. बिबट्याच्या टापूत दिवसा वीज द्या, ही मागणी या तालुक्यांतले शेतकरी कितीतरी वर्षे करत आहेत. सौर कृषिवाहिनी योजना २०१७ पासून आहे आणि तिचा हेतूच दिवसा वीज देण्याचा आहे. ज्या गावांत बिबट्याने माणूस मारला आहे त्या गावांचे फीडर या योजनेत पहिले का असू नयेत?

तंत्रज्ञान इथेही आहे, आणि ते शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे. मोटार घरून फोनवर चालू-बंद करणारा स्टार्टर आज गावोगाव दिसतो. पण पाटपाणी असेल तर स्टार्टर घरून दाबूनही दारे धरायला जावेच लागते. ठिबक असेल तर जावे लागत नाही. जमिनीतला ओलावा सांगणारे सेन्सर असतील तर पाण्याच्या पाळ्याच कमी होतात. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसासाठी उपग्रह, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर जोडून जो प्रयोग चालवला आहे, त्याची चर्चा उत्पादनवाढ आणि पाणीबचत या दोन अंगांनी होते. त्याचे तिसरे अंग हे की रात्री रानात जाणाऱ्या पावलांची संख्या घटते. राज्याच्या २०२५ ते २०२९ च्या महाॲग्री-एआय धोरणाला ५०० कोटी रुपये मंजूर आहेत. ते कृषी खात्याचे; बिबट्या वनखात्याचा; वीज महावितरणची. बिबट्याच्या टापूत ठिबक आणि स्वयंचलित पाणी यांना जास्तीचे अनुदान द्या, असे जर वनखाते कृषी खात्याला म्हणू शकले, तर त्या पैशाने जेवढे जीव वाचतील तेवढे त्याच पैशाच्या कॅमेऱ्यांनी वाचतील असे मला वाटत नाही. आणि यात कोणावर नजर ठेवावी लागत नाही.

नुकसानीच्या पंचनाम्याबद्दल थोडेसे. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीक नुकसानीचा समावेश खरीप २०२६ पासून पीक विम्यात करण्याचे केंद्राने जाहीर केले आहे, आणि त्यासाठी ७२ तासांत, ठिकाणाची नोंद असलेल्या छायाचित्रांसह, ॲपवर कळवायचे आहे. रानडुकराने मका लोळवला तर पुरावा शेतकऱ्याने द्यायचा. इथे शिवारातला कॅमेरा शेतकऱ्याच्या कामी यावा. सरकारी खांबावर रात्री दोनला दिसलेला कळप सकाळी विम्याच्या दाव्यात पुरावा म्हणून धरला जाईल, असा नियम हवा. आपल्या बांधावरचे यंत्र आपल्यासाठी एखादा कागद पुढे सरकवते, हे दिसले की लोक त्या यंत्राची राखणही करतील.

राखणीचा प्रश्न छोटा नाही. गावोगावच्या ग्रामपंचायतींनी लावलेले सौर दिव्यांचे खांब पाहावेत. पहिली दोन वर्षे उजेड, मग बॅटरी संपली, मग बॅटरीची पेटी रिकामी. कॅमेऱ्याचे तसे झाले तर त्यावर विसंबून रात्री बाहेर पडलेल्या माणसाचे काय? पाच वर्षांच्या दुरुस्तीचा पैसा खरेदीबरोबर बाजूला काढलेला नसेल तर खरेदी करू नये. आणि दुरुस्ती त्याच गावातल्या दोन पोरापोरींना शिकवून त्यांच्या हाती द्यावी, पगार देऊन.

एवढे सगळे मांडल्यावर माझा कौल असा: शाळेच्या वाटेवर, वस्त्यांच्या चौकात आणि कोप्यांच्या तळांजवळ कॅमेरे लावावेत, ठिपक्यांची नोंद ठेवावी, भोंगा माणसांच्या वर्दळीच्या वेळीच वाजवावा, आणि बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजरा लावला जाणार नाही हे ग्रामसभेत आधीच, शांत डोक्याने, लिहून घ्यावे. पिंजरा कधी लागेल तेही लिहावे, म्हणजे वेळ आल्यावर वनरक्षकाला जमावासमोर एकट्याने उभे राहावे लागणार नाही.

आणि एक नोंद अशी आहे जी नव्याने गोळाही करावी लागणार नाही. बिबट्याच्या घराचा सर्वांत नेमका नकाशा आज वनखात्याकडे नाही, तो साखर कारखान्याच्या शेतकी विभागात आहे. कोणत्या गटात किती ऊस, कोणत्या तारखेची लागण, कोणत्या आठवड्यात तोड, हे सगळे तिथे पाळीपत्रकात असते आणि तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला तोंडपाठ असते. फड तुटला की त्यातली मादी पिल्लांसह शेजारच्या उभ्या फडात सरकते. ती साधारण केव्हा आणि कोणाच्या मळ्याकडे सरकेल, याचा अंदाज त्या पत्रकावरून आधीच बांधता येतो. विघ्नहर, भीमाशंकर किंवा त्या टापूतल्या कोणत्याही कारखान्याचे गाळप सुरू होण्याआधी शेतकी अधिकारी, वनपाल आणि मुकादम यांनी एका टेबलाशी बसून पाळीपत्रक आणि कॅमेऱ्यांची नोंद शेजारी शेजारी ठेवावी. कोणत्या कोप्या कुठून हलवायच्या, तोड कोणत्या बाजूने लावायची म्हणजे जनावराला वस्तीच्या उलट दिशेला निघायला वाट राहील, आणि त्या आठवड्यात कोणत्या वस्तीवरच्या मुलांना शाळेत गाडीने न्यायचे, हे त्या बैठकीत ठरू शकते. तिला निविदा लागत नाही आणि पुढचा हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो.